केबिनमध्ये विचारायचं राहून गेलेलं

“सिव्हिअर एऑर्टिक स्टेनोसिस,” पडद्यावरची नजर न काढता डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

मी डाव्या कुशीवर झोपलो होतो. छातीवर थंडगार जेल होतं आणि पडद्यावर माझं हृदय करड्या रंगात हलत होतं. ‘सिव्हिअर’ हा एकच शब्द मला नीट कळला. मी सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करतो. दोष किती गंभीर आहे हे ठरवणं हेच माझं रोजचं काम. त्यामुळे पुढचं काही न ऐकताच घाम फुटला.

नंतर मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. हृदयातून शुद्ध रक्त ज्या मोठ्या नळीतून सगळ्या शरीराला जातं, तिच्या तोंडाशी एक झडप असते. तिला तीन पाकळ्या असतात. माझ्या झडपेला जन्मापासून दोनच. याला बायकस्पिड व्हॉल्व म्हणतात. दोन पाकळ्यांवर तिघींचं काम पडतं, त्या लवकर झिजतात, त्यांच्यावर चुन्यासारखा थर बसतो आणि त्या आखडतात. जिथे रुपयाच्या नाण्याएवढी वाट हवी, तिथे माझी शर्टाच्या गुंडीएवढी उरली होती.

“मी तंबाखूसुद्धा खात नाही मॅडम. मग हे कशामुळे?”

“तुमच्या कशामुळेच नाही. तुम्ही असेच जन्माला आलात. आता मला सांगा, त्रास कधी होतो? काय करताना?”

केबिनमध्ये आम्ही चौघे होतो. मी, माझी बायको सुजाता, आई आणि मामा. आमच्याकडे दवाखान्यात कोणी एकटं जात नाही. एकट्याने जाणं म्हणजे त्याला कोणी नाही असा अर्थ होतो. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. राहात्याजवळच्या गावात आईने शेत सांभाळलं आणि मामांनी मला कॉलेजात घातलं. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. त्यामुळे माझ्या छातीत काही बिघडलं आहे हे कळल्यावर मामांनी पेरूच्या बागेची तोडणी मध्येच सोडली, जीप काढली आणि आईला घेऊन थेट सावेडीला, आमच्या फ्लॅटवर आले. त्यांना बाहेर बसा कोण म्हणणार?

“जिना चढताना,” मी मॅडमना सांगितलं.

ते खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. पहिली चक्कर मला जिन्यात आलीच नव्हती. ती बायकोजवळ असताना आली होती.

हे इथे लिहिताना मी दोनदा पेन खाली ठेवलं. पण हे वगळलं तर या लेखाचा कोणालाच उपयोग नाही. त्या रविवारी दुपारी छातीवर कोणी गुडघा ठेवावा तसं दडपण आलं आणि डोळ्यांपुढे काळोख झाला. शुद्धीवर आलो तर सुजाता तोंडावर पाणी मारत होती. पित्त असेल असं आम्ही ठरवलं. पुढे दोनदा तसंच झालं. मग मी कारणं काढायला लागलो. शिफ्ट आहे, डोकं दुखतंय, उद्या लवकर उठायचंय. लग्नाला तीन वर्षं झाली होती, आम्हाला मूल हवं होतं. आणि मी रोज काही ना काही कारण शोधत होतो.

मॅडमनी सांगितलं की झडप बदलावी लागेल, आणि तोवर कसलीही जोराची दगदग नको. पुण्याच्या हॉस्पिटलचं पत्र दिलं. आधी दाताच्या डॉक्टरकडे जायला सांगितलं. मला वाटलं काहीतरी गोंधळ होतोय. पण किडलेल्या दातातले जंतू रक्तात गेले तर नव्या झडपेवर जाऊन बसतात, म्हणून आधी दात स्वच्छ करतात. माझी एक दाढ काढली. मामा म्हणाले, “काळीज दुरुस्त करायला आलो आन दाढ काढून बसलो. उद्या पाय दुखला तर कान कापत्याल.”

पुण्यात सर्जननी दोन पर्याय सांगितले. टिश्यू व्हॉल्व, म्हणजे प्राण्याच्या पेशींपासून बनवलेली झडप. ती काही वर्षांनी खराब होते आणि पुन्हा ऑपरेशन लागू शकतं. दुसरी मेकॅनिकल व्हॉल्व, म्हणजे कृत्रिम पदार्थाची. ती टिकते, पण तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून वॉर्फरिन नावाची गोळी जन्मभर घ्यावी लागते. माझं वय पाहून त्यांनी मेकॅनिकल सुचवली. मी हो म्हटलं. टिकाऊ पार्ट बसवावा एवढं तर माझ्या नोकरीने मला शिकवलंच होतं.

कॉरिडॉरमध्ये आईने विचारलं, “जन्मभराची गोळी कसली रे?”

“रक्त पातळ ठेवायची,” मी म्हणालो आणि पुढे चालू लागलो. आई जागेवरच उभी राहिली. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

ऑपरेशनबद्दल फार लिहीत नाही, कारण मला फार आठवत नाही. जे पुढे जाणार आहेत त्यांच्यासाठी एवढंच: जाग येते तेव्हा घशात व्हेंटिलेटरची नळी असते आणि बोलता येत नाही. घाबरू नका, ती लवकर काढतात. खोकला आला की छातीला उशी घट्ट धरायची. छातीचं हाड तारेने बांधलेलं असतं, ते जुळायला तीन महिने लागतात, म्हणून तोवर वजन उचलायचं नाही, गाडी चालवायची नाही. कारण नसताना रडू येतं. मला उपमा गार झाला म्हणून रडू आलं होतं. नर्स ताई म्हणाल्या, “सगळ्यांना येतं. मोठमोठे पैलवान रडतात इथे.” त्यांचे आभार मानायचे राहिले, ते इथे मानतो.

आणि एक आवाज. मेकॅनिकल झडप बंद होताना टिक् असा बारीक आवाज करते. खोली शांत असली की शेजारच्यालाही ऐकू येतो. पहिल्यांदा मला वाटलं, भिंतीवर घड्याळ आहे.

सावेडीच्या फ्लॅटवर आलो तेव्हा आईने हॉलमध्ये खिडकीपाशी माझी खाट लावून ठेवली होती. भेटायला येणाऱ्यांना आत कुठे नेणार? आजारी माणूस हॉलमध्ये बरा. लोक शहाळी आणि बिस्किटाचे पुडे घेऊन येत, अर्धा तास बसत आणि जाताना म्हणत, “आता जपा बरं का.” आई खाटेशेजारी सतरंजी टाकून झोपायची. सुजाता आत, एकटी.

गोळ्या आईच्या ताब्यात होत्या. ती चौथीपर्यंत शिकलेली, पण गोळ्यांचे रंग-आकार तिने दोन दिवसांत पाठ केले. संध्याकाळी स्टीलच्या वाटीत सगळ्या गोळ्या घालून आणायची. मी न बघता वाटी तोंडात उपडी करायचो आणि पाणी प्यायचो.

मामा दर आठ-पंधरा दिवसांनी पेरूची पाटी घेऊन यायचे. “काय भाच्या, वॉल कसा हाय? गळतोय का?” शेतातल्या पाईपलाईनच्या वॉलइतकं त्यांना दुसरं काही माहीत नव्हतं, आणि त्यांचा तेवढ्यावर पूर्ण विश्वास होता. “नवा वॉल हाय. चार दिस गढूळ पानी यील. मग बघ प्रेशर.”

मी बरा होत होतो. आधी गॅलरीपर्यंत, मग कॉलनीच्या बागेपर्यंत, मग आमचे दोन मजले न थांबता चढलो. वर पोहोचून पाहिलं तर दम लागलाच नव्हता. कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं. मी कामावर परत गेलो. हाड जुळलं, जखम भरली, शहाळी यायची थांबली. खाट मात्र हॉलमध्येच राहिली.

खाट आत न्यायची, हे कोणी म्हणायचं? आई म्हणणार नाही. सुजाता सासूसमोर कशी म्हणेल? आणि मी म्हणालो नाही, कारण मला भीती वाटत होती.

एका लग्नासाठी आई दोन दिवस गावी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघंच होतो. मी आत गेलो. सुजाताने माझ्या छातीवरच्या व्रणावर हात ठेवला. मग एकदम हात काढून उठून बसली.

“जोरात वाजतंय,” ती म्हणाली.

“धडधड वाढली की वाजणारच.”

“हो, पण मला नाही ऐकवत. मला वाटतं ते थांबेल.”

मी म्हणालो, काही होत नाही. पण माझ्या शरीरानेही साथ दिली नाही. मन एकीकडे आणि शरीर थंड. सुजाता म्हणाली, “राहू द्या. चहा ठेवते.” चहा पिताना आम्ही घरमालकांच्या पाण्याच्या टाकीबद्दल बोललो. इतकं बोललो त्या टाकीबद्दल, की पुढे महिनाभर तो विषय निघाला की दोघांनाही अवघडल्यासारखं व्हायचं.

त्यानंतरही जमलं नाही. मग आम्ही प्रयत्नच सोडला.

कंपनीत माझा एक मित्र आहे, मनाने चांगला. त्याने माझा उतरलेला चेहरा पाहून बरोबर ओळखलं. “अरे, हायवेला तंबू हाय ना त्या वैदूचा, तिथनं पुडी आनलीय. दुधातनं घ्यायची. माझ्या मेव्हण्यानं घेतली, दोन पोरं झाली.” कागदाची पुडी त्याने माझ्या डब्याच्या पिशवीत कोंबली.

मी ती घेतली नाही. पुण्याहून निघताना सांगितलं होतं की वॉर्फरिन चालू असताना विचारल्याशिवाय साधी अंगदुखीची गोळीही घ्यायची नाही. तेवढं शिक्षण कामाला आलं. पण ‘विचारल्याशिवाय’ म्हणजे विचारायला हवं, आणि विचारण्याची सोय नव्हती. दर महिन्याला केबिनमध्ये आम्ही चौघेच. समोर डॉक्टर मॅडम, शेजारी आई, पलीकडे मामा, मागे सुजाता. अशा ठिकाणी माणूस झोपेबद्दल विचारतो, पोट साफ होण्याबद्दल विचारतो. मी तेच विचारत होतो.

दरम्यान एक नवीच अडचण उभी राहिली. वॉर्फरिन घेणाऱ्याला आयएनआर नावाची रक्ताची तपासणी करावी लागते. रक्त गोठायला नेहमीपेक्षा किती पट वेळ लागतो, हे त्यातून कळतं. माझा आकडा दोन ते तीनच्या मध्ये असायला हवा होता. तो दीडच्या खालीच. मॅडमनी गोळी वाढवली. आकडा हलला, पण पुरेसा नाही. पुन्हा वाढवली.

“पालक, मेथी जास्त खाता का?” पालेभाज्यांमधल्या के जीवनसत्त्वामुळे गोळीचा परिणाम कमी होतो.

“आठवड्यातून ठरलेली खातो, मॅडम.”

“गोळी चुकते?”

“नाही. आई रोज देते.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “हे बघा, आकडा कमी राहणं धोक्याचं आहे. झडपेवर गुठळी झाली तर झडप अडकेल. गुठळीचा तुकडा मेंदूत गेला तर लकवा होईल. अजून वाढवायच्या आधी मला खात्री हवी.” मग त्या आईकडे वळल्या. “मावशी, रोज पूर्ण गोळी देता ना?”

आईने मान वर केली. समोर भिंतीवर हृदयाचं रंगीत चित्र होतं, त्याच्याकडे बघत राहिली.

“आक्का, बोल की,” मामा म्हणाले. “मॅडम काय इचारत्यात?”

“आर्धी देते,” आई म्हणाली.

माझा कानांवर विश्वास बसेना. “काय?”

“वाटीत आर्धीच टाकते. तुमी वाढवली तर मी त्याची आर्धी करते.”

“का पण मावशी?” मॅडमचा आवाज चढला नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

आईने पदर तोंडाशी नेला. “तुमी बाई मानूस हाय म्हनून सांगते. रगतापासूनच तर सगळी ताकद हुती मानसाची. ते पातळ केलं तर लेकरू कुठनं व्हायाचं? रोज बघते मी. पोरगं हालमधी झोपतंय, सून आत झोपती. दोघं एकमेकांकडं बघत बी न्हाईत. म्हनलं, ह्या गोळीनंच केलं हे. पुरी बंद केली न्हाई मी. जीव बी ऱ्हायला पायजे ना. म्हनून आर्धी.”

मामा छताच्या पंख्याकडे बघायला लागले. सुजाताने खाली मान घातली होती. तिचे खांदे हलत होते. रडतेय असं वाटून मी वाकून पाहिलं तर ती हसत होती, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं.

मामा उठले. “मी जरा च्या पिऊन येतो.”

“बसा मामा,” मॅडम म्हणाल्या. “कोणी जायचं नाही. सगळ्यांनी ऐका, म्हणजे घरी जाऊन कोणी कोणाला वेगळं सांगायला नको.”

मामा टोपी मांडीवर घेऊन शाळकरी पोरासारखे बसले.

“मावशी, तुमचा मुलगा चालतोय-फिरतोय हे आपलं नशीब. पातळ करायची गोळी म्हणतात, ते आम्हीच चुकीचं बोलतो. रक्त पाण्यासारखं होत नाही. त्याची ताकद, त्यातलं सत्त्व आहे तेवढंच राहतं. फक्त गुठळी लवकर धरत नाही. पुरुषाने ही गोळी घेतली म्हणून मूल होत नाही, असं नसतं. समजलं?”

“व्हय,” आई म्हणाली. मग हळूच, “मग हे असं कशानं?”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. “तेच मी आता यांना विचारणार आहे. मी तर हे आधीच विचारायला हवं होतं. बोला.”

बोलायला हवं होतं. आईने तिच्या आयुष्यात कधी न उच्चारलेली गोष्ट एका परक्या बाईसमोर बोलून दाखवली होती. तिने चूक केली होती, जीवावर बेतणारी. पण जे मी बघून न बघितल्यासारखं करत होतो, ते तिने सरळ बघितलं होतं. आता मी गप्प बसलो असतो तर मला पदवीधर म्हणवून घ्यायची लाज वाटली असती.

मी सांगितलं. पहिली चक्कर कुठे आली ते सांगितलं. ऑपरेशननंतर काय होतं आणि काय होत नाही, ते सांगितलं. आवाजाचं सुजाताने स्वतः सांगितलं. डब्याची पिशवी बरोबरच होती, तिच्यातली वैदूची पुडी काढली आणि कुठून आली ते सांगत टेबलावर ठेवली. मामा एवढं सगळं खाली बघून ऐकत होते. पुडी पाहिल्यावर मात्र राहवलं नाही. “ती तंबूवाल्याची? आरं येड्या, तो मागल्या साली आमच्या बाजारात दातदुखीची पुडी म्हनून हेच इकत हुता!”

पहिल्यांदा मॅडमही हसल्या.

त्यांनी जे सांगितलं ते मी इथे माझ्या शब्दांत देतो, कारण हे ऐकायला मला फार उशीर झाला. झडप आखडलेली असताना जोर पडला की हृदय पुरेसं रक्त पुढे ढकलू शकत नाही, म्हणून मला चक्कर यायची. त्या काळात थांबलो ते योग्यच झालं. आता ती वाट मोकळी आहे. जो माणूस दोन मजले न थांबता चढतो आणि त्याला दम लागत नाही, छातीत दुखत नाही, त्याच्या हृदयाला पती-पत्नीचा संबंध झेपतो. छातीचं हाड जुळेपर्यंत छातीवर भार येऊ द्यायचा नाही, एवढंच पथ्य. धडधड वाढली की टिकटिक वाढते, कारण झडप आपलं काम बरोबर करत असते.

शरीर साथ देत नाही, याला इरेक्टाइल डिसफंक्शन म्हणतात. म्हणजे इच्छा असूनही लिंगाला ताठरता येत नाही किंवा टिकत नाही. हृदयाच्या रुग्णांमध्ये हे पुष्कळ दिसतं. भीती हे एक कारण. ऑपरेशननंतरची उदासी हे दुसरं. तिसरं, काही औषधं. मला नाडी ताब्यात ठेवायला बीटा ब्लॉकर जातीची गोळी होती. तिचा काही पुरुषांवर असा परिणाम होतो. “पण ती स्वतःहून बंद करायची नाही,” मॅडम म्हणाल्या. “ती एकदम सोडली तर हृदयाला त्रास होतो. मी टप्प्याटप्प्याने कमी करून बघते.” ताठरतेसाठी चांगली औषधंही असतात. पण ज्यांना छातीच्या दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी चालू आहे, त्यांनी ही ताठरतेची औषधं घेतली तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. म्हणून मित्राकडून, मेडिकलमधून, तंबूतून काहीही घ्यायचं नाही. त्या पुड्यांमध्ये तीच औषधं लपवून मिसळलेली सापडतात.

मग त्यांनी लगेच एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला घेतला. गुठळी झाली नाही ना, ते बघायचं होतं. त्या बाकीच्यांना बाहेर बसा म्हणाल्या. मी पुन्हा डाव्या कुशीवर. दाराच्या फटीतून आई दिसत होती. सुजाताने तिचा हात धरला होता. माझं सगळं आयुष्य त्या पडद्यावरच्या दोन पातळ रेषांवर टांगलेलं होतं.

“नव्या झडपेला दोनच पाकळ्या असतात, आणि दोन्ही पूर्ण उघडतायत,” मॅडम म्हणाल्या. “गुठळी दिसत नाही.”

गोळीचा हिशेब त्यांनी नव्याने मांडला. कागदावरच्या वाढलेल्या डोसवर एकदम गेलो असतो तर रक्तस्राव झाला असता, म्हणून मी खरोखर घेत होतो तिथून हळूहळू वर. आकडा जागेवर येईपर्यंत गुठळी धरू नये म्हणून काही दिवस पोटावर इंजेक्शनं. ती मी स्वतः टोचायला शिकलो. वाटते तेवढी अवघड नाहीत.

बाहेर आलो तेव्हा आई माझ्या नजरेला नजर देत नव्हती. जीपमध्ये बसल्यावर म्हणाली, “माझ्या हातनं लई वंगाळ झालं.”

मी काही बोलायच्या आत सुजाता म्हणाली, “आई, तुम्ही अर्धी दिलीत म्हणून तर आज ते सगळं बोलले. नाहीतर आम्ही त्या पाण्याच्या टाकीवरच म्हातारे झालो असतो.”

“कसली टाकी?” मामांनी आरशातून विचारलं.

“काही नाही मामा. गळत होती.”

घरी पोहोचल्यावर आईने मामांना जीप बंद करू दिली नाही. वर गेली, आपली पिशवी भरली. मग हॉलमधल्या खाटेचं एक टोक स्वतः धरलं आणि म्हणाली, “आरं, दुसरं टोक धर. भाच्याला वजन उचलू दिऊ नको.” बहीण-भावाने मिळून ती खाट उभी करून गॅलरीत नेऊन ठेवली. मी म्हणालो, राहा ना आई. तर म्हणाली, “हितं माझं काय काम हाय आता? पेरू तोडायचं ऱ्हायलेत.”

दुसऱ्या दिवसापासून सगळं जादूसारखं सुरळीत झालं, असं सांगितलं तर खोटं होईल. नाडीची गोळी कमी व्हायला काही आठवडे गेले. दोनदा-तीनदा पुन्हा निराशा पदरी पडली. पण आता फरक होता. आम्ही चहा पिताना टाकीबद्दल बोलत नव्हतो. मॅडमनी सांगितलं होतं की लगेच शेवटाकडे धावायचं नाही, नुसतं जवळ राहायचं, बोलायचं. सुजाता रोज सकाळी थोडा वेळ माझ्या छातीला कान लावून पडायची. आवाज अंगवळणी पडावा म्हणून. एके दिवशी ती तशीच झोपून गेली. त्या दिवशी मी कामावर उशिरा पोहोचलो आणि सुपरवायझरने कारण विचारलं तर मला हसूच आवरेना. पुढचं आमच्या दोघांचं आहे. एवढं सांगतो की मॅडमना दुसरं कुठलंच औषध द्यावं लागलं नाही. लागलं असतं तरी त्यात कमीपणा नव्हता.

आयएनआर आता जागेवर आहे. सुजाताला पाचवा महिना चालू आहे. झडपेचा हा दोष कधी कधी घराण्यात उतरतो, म्हणून बाळाचाही पोटात असतानाच एको करून घेतला. ठीक आहे. मूल झालं नसतं तरी मी हा लेख लिहिला असता. ऑपरेशन करून जीव वाचवणारे पुण्याचे सर्जन, त्यांचे सहकारी, आमच्या मॅडम, मामा, यांचे उपकार मी मानतोच. पण आईचेही मानतो, आणि हे वाचून कोणी आश्चर्य करू नये.

मागच्या महिन्यात तपासणीला गेलो होतो. बाकावर मी आणि सुजाता. आमच्या आधी साधारण माझ्याच वयाचा एक माणूस आत गेला. शर्टाची वरची गुंडी उघडी होती, तिथून छातीचा ताजा व्रण दिसत होता. बरोबर वडील, भाऊ, आत्या आणि सगळ्यांच्या मागे त्याची बायको. थोड्या वेळाने सगळे बाहेर आले आणि जिना उतरून गेले.

मग तो एकटाच परत वर आला. कंपाउंडरजवळ उभा राहिला.

“जरा मॅडमला भेटायचं हुतं.”

“आत्ताच भेटलात ना? काय राहिलं?”

“एक इचारायचं ऱ्हायलं.”

“मला सांगा, मी विचारून येतो.”

तो फरशीकडे बघत राहिला. “न्हाई... माझं मलाच इचारायचंय.”

“मग नंबर लावा. शेवटी जायला मिळेल.”

खाली जीपचा हॉर्न वाजला. तो वळला. सुजाताने मला कोपराने ढोसलं, पण मी आधीच उठलो होतो.

“माझ्या नंबरवर यांना सोडा,” मी कंपाउंडरला म्हणालो. “आम्हाला घाई नाही.”

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं आणि केबिनचं दार उघडलं. एवढ्यात त्याची बायकोही धापा टाकत वर आली. “अहो, चला की, समदे खोळंबलेत.” तो दार धरून उभा राहिला. ती एक क्षण घुटमळली, मग डोक्यावरचा पदर सारखा करून आत गेली. तिच्यामागे तो गेला आणि दार लागलं.

खाली हॉर्न पुन्हा वाजला, आणि पुन्हा वाजला. मी खिडकीशी जाऊन हात हलवला आणि खालच्या मंडळींना ओरडून सांगितलं, “थांबा जरा. येतायत ते.”